आठ वेळा पंचवीस

वह्या मिटा. मोबाईल बाकाखाली ठेवा. आज शिकवणं नाही, आज ऐकायचं आहे, आणि माझं बोलून होईपर्यंत कोणी जागेवरून उठायचं नाही.

तुमच्या चारही गटांचे पाझर चाचणीचे अहवाल माझ्या हातात आहेत. चौथा सोडला तर कागद स्वच्छ, आलेख रंगीत, बांधणी सुरेख. दुसऱ्या गटाचा तक्ता वाचते. पहिला अर्धा तास, पाणी उतरलं २५ मिलिमीटर. दुसरा अर्धा तास, २५. तिसरा, २५. चार तासांची आठ रीडिंग्ज, आठही वेळा २५.

बावीस वर्षं हा विषय शिकवते आहे. एकाच खड्ड्यात जमिनीने लागोपाठ आठ वेळा एकच आकडा दिल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. रात्रभर भिजवलेल्या मातीतही सुरुवातीला पाणी जरा जास्त उतरतं, मग कमी होत जातं, आणि शेवटी शेवटी आकडे एकमेकांच्या जवळ येतात. म्हणून चार तास उन्हात बसायचं असतं. म्हणूनच हिशेबाला शेवटच्या अर्ध्या तासाचाच आकडा धरायचा असतो. बसलाच नाहीत, तर हे कळणार कुठून?

आणि २५ च का? तेही सांगते. तीस मिनिटांत २५ मिलिमीटर म्हणजे पाझराचा दर बरोबर ३० मिनिटं. आयएस २४७० हे मानक, भाग दुसरा, १९८५ सालचा. त्यात लिहिलंय, दर ३० मिनिटांपर्यंत असेल तर सेप्टिक टाकीचं पाणी मुरवायला शोषखड्डा चालेल. ३० ते ६० असेल तर शोषखड्डा नाही, उथळ चर काढून पाणी पसरवा. ६० च्या वर गेला तर दोन्ही नाही. तुम्ही आधी पुस्तक उघडलंत, मर्यादा बघितलीत, आणि घर बांधणाऱ्या माणसाची जमीन उचलून नेमकी त्या रेघेवर ठेवलीत. आळस असता तर मी तुम्हाला पुन्हा पाठवलं असतं आणि विषय संपला असता. पण हे विचार करून केलेलं आहे. याला खोटं म्हणतात.

गप्प राहा. शनिवारी मी स्वतः त्या जागेवर गेले होते.

खड्डा होता. वीतभर खोल. टाकीचं पाणी मुरणार तीन फुटांखाली, आणि तुम्ही माती तपासलीत वीतभर खाली, जिथे गवताची मुळं आणि गांडुळांची बिळं आहेत. त्या थरात पाणी उतरणारच. आत आंब्याची सुकलेली पानं पडली होती. तळाला वाळूचा कण नाही. आणि बाजू? ओल्या चिकणमातीवर फावडं दाबून ओढलेल्या, चकचकीत. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी अजून अंगण सारवतात? सारवण कशासाठी घालतात? मातीची तोंडं बुजावीत, धूळ उडू नये, पाणी आत मुरू नये, यासाठी. तुम्ही खड्ड्याच्या चारी बाजू सारवून ठेवल्यात. म्हणूनच पुस्तकात लिहिलंय की सुरीने बाजू खरवडा, सुटी माती काढून टाका, तळाला ५ सेंटिमीटर जाड वाळू किंवा बारीक खडी घाला. ही वाक्यं परीक्षेत लिहायला दिलेली नाहीत. प्रत्येक वाक्यामागे कोणाची तरी फसलेली चाचणी आहे.

मी नवा खड्डा खणला. वय झालं तरी पहार अजून उचलता येते. खाली तीन फुटांवर माती हातात घेतली, भिजवली, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये दाबून पट्टी ओढली. बोटापेक्षा लांब पट्टी निघाली आणि तुटली नाही. तेव्हाच कळलं की उत्तर काय येणार आहे. मातीत करडा रंग आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके होते. हे ठिपके म्हणजे पावसाळ्यात त्या थरात पाणी साचून राहतं याची जमिनीने स्वतः ठेवलेली नोंद. तुम्ही डिसेंबरात जाल, एप्रिलात जाल, खड्डा कोरडा दिसेल, पण ठिपके जात नाहीत. ती नोंद वाचायला दोन डोळे पुरतात. तुमच्या अहवालात मातीच्या रंगाबद्दल एक शब्द नाही.

मग पाणी भरलं. वाळूच्या वर किमान ३० सेंटिमीटर, आणि ते रात्रभर तेवढंच ठेवायचं. शेजारच्या घरातल्या आजींकडे बादली मागितली. मला संध्याकाळची एस.टी. धरायची होती. आजी म्हणाल्या, तुम्ही जा, पाणी खाली गेलं तर मी घालीन. रात्री झोपण्यापूर्वी एकदा आणि पहाटे उठल्यावर एकदा त्यांनी दोन बादल्या ओतल्या. वय सत्तरीच्या पुढे. चाचणी कशाची, कशासाठी, त्यांना ठाऊक नव्हतं. बाईंनी सांगितलंय तर करायचं, एवढंच. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही केलं नाहीत.

रात्रभर भिजवायचं कशाला, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतं. हरभरे रात्री भिजत घातले की सकाळी भांडं भरून वर येतात ना? चिकणमातीचे कण तसेच फुगतात. देशावरच्या काळ्या मातीत हे फार होतं, आपल्या खाचरात कमी, पण होतं. शिवाय भात कापल्यावर खाचराला भेगा पडतात. कोरड्या खड्ड्यात पाणी ओतलं तर ते मातीत मुरत नाही, भेगांत पळतं, आणि तुम्ही घड्याळ बघून खूश होता. शोषखड्ड्याला कोरडी माती कधी मिळणार आहे? त्यात रोज पाणी पडणार. म्हणून भिजलेल्या, फुगलेल्या मातीला विचारायचं, आणि ती काय म्हणते ते लिहायचं.

रविवारी सकाळी वाळूच्या वर १५ सेंटिमीटर पाणी ठेवून मी बसले. दर अर्ध्या तासाला मोजपट्टी, मग पुन्हा १५ पर्यंत भर. पहिलं रीडिंग १४ मिलिमीटर. मग ११. मग ९, ८, ७, ७. शेवटची दोन, ६ आणि ६. अर्ध्या तासात सहा मिलिमीटर. फळ्यावर या आणि २५ मिलिमीटरला किती मिनिटं लागतात ते काढा. मीच सांगते, सव्वाशे. शोषखड्ड्याची मर्यादा ३०. चरांची मर्यादा ६०. त्या जमिनीचं उत्तर १२५, आणि तुमच्या कागदावर ३०.

आता हा आकडा पुढे कुठे जातो ते बघा. ३० धरला की कोष्टकात दर चौरस मीटरला दिवसाला ३७ लिटर मिळतात. घरात सहा माणसं, माणशी १०० लिटर, म्हणजे ६०० लिटर. भागिले ३७, सोळा चौरस मीटर बाजूची भिंत हवी. दीड मीटर व्यासाचा खड्डा घेतलात, तर तो आत येणाऱ्या पाइपाच्या खाली जवळजवळ साडेतीन मीटर खोल जातो. हे गणित तुम्ही बरोबर केलंय, म्हणून तर मला जास्त राग आहे. खोट्या आकड्यावर बरोबर गणित केलं की खोटं खरं दिसायला लागतं. मालक फसतो, ग्रामपंचायत फसते, गवंडी फसतो.

आणि तो साडेतीन मीटरचा खड्डा श्रावणात कशात उभा असेल? मी आजींना विचारलं, पावसात विहिरीचं पाणी किती वर येतं? त्या म्हणाल्या, "श्रावणात दोर लागत नाय बाय, वाकून कळशी बुडवायची." वाकून. म्हणजे जमिनीखालचं पाणी हाताच्या अंतरावर. पुस्तकात मर्यादा १८० सेंटिमीटरची आहे. पाणी त्याच्या वर येत असेल तर जमिनीत खाली जायचंच नाही, चर उंचवट्यावर, भर घालून करायचे. तुमच्या अहवालात लिहिलंय, 'भूजल पातळी खोल'. कोणत्या महिन्यात? कोणाला विचारून? रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तुम्ही डिसेंबरच्या कोरड्या दिवशी वर्षभराचा निकाल देता. विहिरीत डोकावला असतात तर आतल्या दगडांवर शेवाळाची रेघ कुठपर्यंत आहे ते दिसलं असतं.

विहिरीवरून पुढचं. नकाशावर तुम्ही शोषखड्डा ते विहीर अंतर दाखवलंय १८ मीटर. मानकात किमान अंतर १८ मीटरच आहे, आणि तुमचं अंतर एक वीत इकडे नाही की तिकडे नाही. मी टेप धरला. तेरा मीटर चाळीस सेंटिमीटर. आणि विहीर उताराच्या खालच्या अंगाला आहे. दुसरं टोक आजींनी धरलं होतं. त्यांच्याच विहिरीपर्यंतचं अंतर मी त्यांच्याच हातून मोजून घेत होते, आणि त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही की हा नकाशा माझ्या विद्यार्थ्यांनी काढलाय.

त्या विहिरीत काय जाणार आहे ते स्पष्ट शब्दांत ऐका, कारण वर्गात आपण त्याला 'एफ्लुएंट' म्हणतो आणि शब्द धुतलेला वाटतो. सेप्टिक टाकीतून निघणारं पाणी स्वच्छ नसतं. टाकीत गाळ खाली बसतो, तेलकट साय वर येते, आणि मधलं पाणी जंतूंसकट बाहेर पडतं. त्याला शुद्ध करणारी शेवटची गोष्ट म्हणजे माती, तीही हवा खेळणारी, पाण्याने गच्च न भरलेली माती. अशा मातीच्या थरातून पाणी सावकाश झिरपतं तेव्हा जंतू कणांना चिकटतात, उपाशी मरतात, दुसरे सूक्ष्मजीव त्यांना खातात. तो थर पाण्याखाली बुडाला की हे काम थांबतं. विषमज्वराचे जिवाणू, काविळीचे विषाणू सरळ पुढे जातात. पिण्याच्या पाण्याच्या मानकात १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही, आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंतच. जंतू उकळून मरतील. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी पडलं तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. हे तुम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवलंय, तुम्ही त्यावर गुण मिळवलेत.

आता पहिला गट. तुम्ही हसू नका, तुमचं खोटं नसेल, पण तुमचं अज्ञान तितकंच महाग पडणार आहे. तुम्ही सड्यावर गेलात. खड्ड्यात पाणी ओतलं, मिनिटाच्या आत खड्डा रिकामा. शेरा लिहिलात, 'जमीन अत्युत्तम'. पाणी गेलं कुठे, हा प्रश्न पाचांपैकी एकाच्याही मनात आला नाही? जांभा तुम्ही लहानपणापासून बघताय, तुमच्या घराच्या चिऱ्यांना बोटं जातील एवढी भोकं आहेत. ते पाणी मुरलं नाही, नळातून गेल्यासारखं गेलं. जांभ्याच्या खाली चिकणमातीचा थर लागतो, पाणी त्याच्यावरून सरकतं, आणि सड्याच्या पायथ्याला झरा होऊन बाहेर येतं. त्या झऱ्यावर खालची वाडी पाणी भरते. भेगाळलेल्या खडकात शोषखड्डे घेऊ नयेत, कारण दूषित पाणी लांबवर जाऊ शकतं, असं त्याच मानकात लिहिलंय. तिथे १८ मीटर काय आणि ८० मीटर काय. पाणी फार सावकाश गेलं तर घरमालकाच्या अंगणात वर येतं, त्याला दिसतं, वास येतो, तो ओरडतो. फार जलद गेलं तर ओरडणारा कोणी नसतो. म्हणून जलद जमिनीची मला जास्त भीती वाटते.

तिसऱ्या गटाने खाडीकाठी खणलं, पाणी लागलं, म्हणून वर जाऊन दुसऱ्या ठिकाणी खणलं. चाचणीची जागा हलवलीत, पण मालकाचा शोषखड्डा नकाशात जिथल्या तिथे ठेवलात. पाणी लागलं हेच त्या जागेचं उत्तर होतं.

ही चाचणी आली कुठून, ते ऐका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात १९२० च्या दशकात हेन्री रायन नावाचा अभियंता होता. तो घरोघरच्या शोषचरांपाशी जायचा, मुख्यतः जे तुंबले होते किंवा तुंबायला आले होते त्यांच्यापाशी. शेजारी खड्डा खणायचा, पाणी भरायचा, आणि एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचा. तुमचे २५ मिलिमीटर म्हणजे तोच इंच. मग त्या चरात रोज किती पाणी जातंय ते बघायचा. अशा कित्येक जागांवरून त्याने दोन्हींची सांगड घातली. तुमच्या कोष्टकाचं मूळ तिथे आहे. ते तुंबलेल्या चरांच्या काठावर बसून मिळवलेलं ज्ञान आहे, खोलीत बसून नव्हे. म्हणूनच त्यात एवढी सावधगिरी आहे. तीस मिनिटांच्या दराने चाचणीच्या खड्ड्यातलं स्वच्छ पाणी दिवसाला १२०० मिलिमीटर उतरेल. कोष्टक परवानगी देतं ३७ लिटरची, म्हणजे ३७ मिलिमीटरची. बत्तीसपट कमी. कारण टाकीतल्या पाण्याने मातीच्या तोंडावर बुळबुळीत काळा थर धरतो आणि जमिनीची भूक दिवसेंदिवस मंदावते. एवढी सूट त्या लोकांनी पुढच्या पिढीच्या घरांसाठी राखून ठेवली. चौपट वाढवलेल्या एका खोट्या आकड्याने तुम्ही ती खाऊन टाकता.

शोषखड्डा तुंबला की काय होतं? टाकीतून पाणी बाहेर जात नाही. संडासात पाणी वर येतं. मालक मैला उपसणारी गाडी बोलावतो. दर महिन्याला गाडी परवडत नाही, वाडीच्या रस्त्याने गाडी आत येत नाही, मग कोणीतरी एका माणसाला दोर बांधून टाकीत उतरवतो. टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, प्रमाण वाढलं की नाक मरतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा बरी झाली. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला असं उतरवायला बंदी आहे. तरी मरणं थांबलेली नाहीत. मरणाची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. त्या बातम्या तुम्ही वाचता, चुकचुकता. त्या टाक्या का तुंबल्या, हे बातमीत येत नाही. कुठे गाळ वर्षानुवर्षं काढलेला नसतो. आणि कुठे, अगदी सुरुवातीला, कोणीतरी न खणलेल्या खड्ड्याची आठ रीडिंग्ज लिहिलेली असतात.

तू, शेवटच्या बाकावर. काय पुटपुटलास? मोठ्याने सांग. "बाहेर सगळे असंच करतात." खाली बस. बाहेर काय चालतं ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाहेर पाचशे रुपयांत पाझराचा दाखला मिळतो, खड्डा न बघता. म्हणून दुसऱ्या गटाच्या प्लॉटचा मालक आपल्याकडे आला होता. मुंबईत चाळीस वर्षं नोकरी केली, फंडाच्या पैशातून गावी घर बांधतोय. मला म्हणाला, मॅडम, बाहेरच्यांचा भरवसा नाही, कॉलेजची मुलं नीट करतील. ते मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, कारण कोणाच्या भरवशासाठी काम नीट करायचं हे सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. तुमचा अहवाल मी त्याला दिलेला नाही. त्याला मी फोन करून सांगितलं की अहवाल चुकीचा आहे, शोषखड्डा होणार नाही, नकाशा बदलावा लागेल, महिनाभर थांबा. तो नाराज झाला. गवंडी ठरलाय, चिरे येऊन पडलेत. ती नाराजी मी ऐकून घेतली. पुढच्या वेळी तुम्ही ऐकून घ्यायची आहे.

चौथा गट. तुमच्या कागदावर चिखलाचे डाग आहेत, अक्षर वाईट आहे, दोन रीडिंग्जची वेळ चुकली आहे. खाली लिहिलंय, 'पाणी उतरत नाही, दर ६० च्या वर येतो, पुढे काय करावे समजत नाही.' वेळेच्या चुकीचे गुण मी कापलेत. बाकी कागद ठेवून घेतलाय. पुढे काय करायचं, हे मला विचारता आलं असतं. विचारायला दार उघडं होतं.

आता विचाराच. अशा जमिनीत टाकीनंतर खडी भरलेला, पाणी खालून वर चढवणारा फिल्टर घेता येतो. भर घालून उंचवट्यावर चर काढता येतात, पण त्याला विहिरीपासून लांब जागा आणि चांगली भर लागते. झाडांकरवी पाणी हवेत सोडायची पद्धतही आहे, पण आपल्याकडे आषाढात आभाळच गच्च असतं, तेव्हा तिच्यावर एकटीवर मी भिस्त ठेवणार नाही. दुसऱ्या गटाच्या प्लॉटची मागची बाजू विहिरीच्या वरच्या अंगाला नाही, आडव्या अंगाला आहे आणि जरा उंच आहे. तिथे जागा निघते का ते मोजायचं आहे. तिथली माती कशी आहे ते मला माहीत नाही. कारण तिथे अजून कोणी खणलेलं नाही.

चौथा सोडून बाकी तिन्ही अहवालांवर मी शून्य लिहिलंय. शून्य पुसलं जाणार नाही. शनिवारी दुपारी दोनच्या एस.टी.ने सगळे फाट्यावर उतरायचं. पहार, टिकाव, घमेलं, सुरी, चाळलेली वाळू, मोजपट्टी, तीस मीटरचा टेप. मागच्या अंगाला तीन खड्डे, एक नाही, तीन. जमीन दहा पावलांवर बदलते. अंधार पडायच्या आत खड्डे खरवडून, वाळू घालून, भरून झाले पाहिजेत. आधी विहिरीत डोकावून शेवाळाची रेघ मोजायची आणि आजींना श्रावणातलं विचारून त्यांच्या शब्दांत लिहून घ्यायचं. पाण्याच्या बादल्या मात्र त्यांच्याकडे मागायच्या नाहीत, घरून आणायच्या. रात्री पाणी बघायला दोघं थांबतील. त्या दोघांची नावं आत्ता, माझ्या समोर, फळ्यावर लिहा.